काचेवर थरावर थर आणि मग यूव्ही: धुतली तरी न निघणारी पॉलिमर फिल्म कशी बनवायची

मागच्या पावसाळ्यात आमच्या लॅबमध्ये एमएस्सीच्या एका मुलीनं चार दिवस खपून काचेच्या स्लाइडवर पॉलिमरचे वीस थर चढवले. डिस्टिल्ड वॉटरमध्ये फिल्म छान टिकली. मग टेस्ट म्हणून थोडं आम्ल घातलेल्या, भरपूर मीठ असलेल्या पाण्यात रात्रभर ठेवली आणि सकाळी बघतो तर काच कोरी. तिचा चेहरा बघवत नव्हता. चूक तिची काहीच नव्हती, थर नीट चढले होते, पण ते एकमेकांना नुसते विजेच्या ओढीनं चिकटलेले होते आणि त्यांना पक्कं बांधायची शेवटची पायरी आम्ही केलीच नव्हती. ती पायरी उजेडानं करता येते, आपल्या सांगली-साताऱ्याच्या साध्या कॉलेज लॅबमध्ये करता येते, फार महागडं काही लागत नाही. म्हणून सगळं बारकाईनं लिहितोय, जे एमएस्सीचा प्रोजेक्ट करतायत किंवा मुलांना शिकवतायत त्यांच्यासाठी.

आधी हे चिकटतं कसं ते

पाण्यात भिजलेल्या स्वच्छ काचेवर निगेटिव्ह चार्ज असतो. ती पॉझिटिव्ह चार्जच्या पॉलिमरच्या पाण्यात बुडवली की पॉलिमरच्या साखळ्या काचेला धरतात, आणि गंमत अशी की गरजेपेक्षा थोड्या जास्तच धरतात, त्यामुळे पृष्ठभाग आता पॉझिटिव्ह होतो. तो चार्ज पुढच्या साखळ्यांना ढकलतो म्हणून थर आपोआप थांबतो. धुवायचं, निगेटिव्ह पॉलिमरमध्ये बुडवायचं, परत धुवायचं. ही एक जोडी झाली. एका जोडीची जाडी साधारण काही नॅनोमीटर, किती वेळा बुडवलं त्यावर एकूण जाडी ठरते. ड्यूपाँटच्या आयलर यांनी १९६६ मध्ये बारीक कणांवर ही कल्पना मांडली होती, पण पॉलिमरसाठी ती जर्मनीत गेरो डेशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१-९२ च्या सुमारास उभी केली आणि तिथून ती जगभर पसरली.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर वर्षानुवर्षं काम चाललंय, त्यामुळे आपल्या भागातल्या बऱ्याच मुलांना सिलार ही फिल्म चढवायची पद्धत माहीत असते, एका बीकरमध्ये बुडव, धू, दुसऱ्यात बुडव, धू. हात तसाच चालतो. फरक एवढाच की तिथं आयन एकमेकांशी रिअॅक्शन करून न विरघळणारा पदार्थ होतो, आणि इथं लांब लांब साखळ्या नुसत्या एकमेकींना धरून बसतात. हे धरणं खरं तर चांगलं मजबूत असतं कारण एका साखळीचे शेकडो हात, म्हणजे चार्ज असलेले गट, असतात, पण पाण्यात भरपूर मीठ आलं की सोडियम आणि क्लोराइड त्या हातांमध्ये घुसतात, पीएच बदलला की काही हातांचा चार्जच जातो, आणि पकड सुटते. आमच्या त्या वीस थरांचं हेच झालं होतं.

उजेड इथं काय करतो

उपाय असा की दोनपैकी एक पॉलिमर असं निवडायचं की जे उजेड पडल्यावर शेजाऱ्याशी कोव्हॅलंट बाँड, म्हणजे पक्का रासायनिक बंध, करेल. नवशिक्यांसाठी माझ्या मते सगळ्यात सोपं म्हणजे डायझो रेझिन. हे डायफिनिलअमाइन डायझोनियम आणि फॉर्माल्डिहाइडपासून केलेलं रेझिन. ते स्वतः पॉझिटिव्ह आहे म्हणून थर चढवायला चालतं, रंगानं पिवळं आहे म्हणून डोळ्यांना आणि मशीनला दिसतं, आणि ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही पडला की त्याच्यातला नायट्रोजन गॅस होऊन निघून जातो आणि मागं राहिलेलं भुकेलं कार्बन शेजारच्या निगेटिव्ह पॉलिमरच्या सल्फोनेटला किंवा कार्बोक्सिलेटला जाऊन बांधतं. म्हणजे जिथं आधी नुसती ओढ होती बरोबर तिथंच बाँड होतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी चीनमधल्या ग्रुप्सनी यावर भरपूर काम केलं.

आणि हा पदार्थ आपल्याकडं अनोळखी नाही. सांगलीत गणपती पेठेच्या आसपास किंवा साताऱ्यात कुठल्याही स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडं जा, लग्नपत्रिका नाहीतर पिशव्या छापण्यासाठी तो स्क्रीनवर जे इमल्शन लावतो त्याच्यासोबत एक छोटी बाटली येते, तिच्यात पिवळसर पावडर असते, पाणी घालून हलवायची आणि इमल्शनमध्ये मिसळायची. ते सेन्सिटायझर म्हणजे बहुतेक वेळा हेच डायझो रेझिन. मी पहिल्यांदा हे एका प्रिंटिंगवाल्या मामांकडं उभं राहून शिकलो. त्यांनी बाटली हातात दिली आणि म्हणाले, "सर, ह्येला पांढरा उजेड दाखवायचा न्हाय बगा, पिवळा बल्ब लावूनच काम करायचं." केमिस्ट्रीचं नाव न घेता त्यांनी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली होती.

शिकवण्यासाठी ती बाटली चालते. पेपर लिहायचा असेल तर मात्र केमिकल सप्लायरकडून रेझिनच घ्या, कारण बाटलीत टिकण्यासाठी इतर काही घातलेलं असतं. आणि घेताना डायझोच मागा. बायक्रोमेट दिलं तर परत करा, त्यात सहा व्हॅलन्सीचं क्रोमियम असतं, कॅन्सर करणारं आहे, आणि आपल्या कामाचंही नाही. रेझिन घरी बनवायच्या भानगडीत पडू नका, सुके डायझोनियम सॉल्ट भडकू शकतात.

सामान

डायझो रेझिन १०० मिलिग्रॅम, सोडियम पॉलीस्टायरीन सल्फोनेट म्हणजे पीएसएस १०० मिलिग्रॅम, मॉलिक्युलर वेट ७०,००० च्या आसपासचं सहज मिळतं ते चालेल. दोन्ही वेगवेगळे १०० मिली पाण्यात, म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति मिली. थर जाड हवे असतील तर पीएसएसच्या पाण्यात मीठ घालतात, ०.५ मोलरसाठी १०० मिलीला २.९ ग्रॅम, कारण मिठामुळं साखळी ताठ न राहता गुंडाळते आणि गुंडाळलेली जास्त जागा घेते. पहिल्या वेळी मीठ नको, आधी साधं जमू दे. मायक्रोस्कोपच्या काचेच्या स्लाइड, आठ-दहा बीकर, ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा आणि यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे फिल्म कुठला उजेड किती शोषते ते मोजणारं मशीन. एवढंच.

पाण्याबद्दल मात्र थांबून सांगतो. नळाचं किंवा बोअरचं पाणी इथं अजिबात चालणार नाही. आपल्याकडं बोअरचं पाणी जड असतं, त्यातलं कॅल्शियम निगेटिव्ह पॉलिमरला जाऊन धरतं आणि मग थर कशाचा चढला हे कुणालाच कळत नाही. १८.२ मेगाओहमचं, म्हणजे अतिशुद्ध, पाणी असेल तर उत्तम, नाहीतर काचेच्या भांड्यात दोनदा डिस्टिल केलेलं. धुवायचं पाणीही तेच, इथंच लोक काटकसर करतात आणि इथंच फिल्म बिघडते.

काच धुणं

काच आधी साबणाच्या पाण्यानं घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून त्यात दहा मिनिटं ठेवा. हे पेट घेणारं आणि कातडी जाळणारं आहे, बर्नर बंद, गॉगल आणि ग्लोव्ह्ज चढवूनच. बरेच जण पिरान्हा वापरतात, म्हणजे सल्फ्युरिक आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. मी पोरांना करू देत नाही, त्यात चुकून अॅसिटोन गेलं तर स्फोट होतो आणि आपल्याला त्याची गरजही नाही. नंतर काच पाण्यानं भरपूर धुवा, अल्कली राहता कामा नये, कारण अल्कलीत डायझोचा चार्ज जातो आणि तो पहिल्या थरातच मरतो. काच धुतली गेली का हे बघायला ती उभी धरा: पाणी एकसंध पदरासारखं खाली उतरलं तर झालं, मध्येच थेंब थेंब होऊन फाटलं तर परत धुवा. त्यानंतर बोट फक्त कडेला लावायचं.

थर चढवणं

खोलीची खिडकी काळ्या कागदानं झाका. हे हलक्यात घेऊ नका, साधी खिडकीची काच ३६५ चा यूव्ही आत येऊ देते, त्यामुळं काच लावलेली आहे म्हणून सुरक्षित आहे असं नाही. ट्यूबवर पिवळी जिलेटिन गुंडाळा किंवा पिवळा बल्ब लावा. डायझो निळ्या उजेडालाही थोडं लागतं, म्हणून पांढरी एलईडीसुद्धा तीन तासांच्या कामात फिल्म हळूहळू खाऊन टाकते. आमची दुसरी बॅच अशीच गेली. खिडकी झाकली, पण कॉरिडॉरच्या दारातून उजेड येत होता, आणि आठव्या जोडीनंतर थर वाढायचेच थांबले, कारण वरचा डायझो तोपर्यंत संपला होता, धरायला चार्जच नव्हता.

डायझोचं पाणी त्याच दिवशी करा, बीकरला बाहेरून फॉइल गुंडाळा. रंग स्वच्छ पिवळा पाहिजे. तपकिरी किंवा गढूळ वाटलं तर टाकून द्या, कितीही जीव तुटला तरी. पावडर फ्रिजमध्ये, अंधारात, कोरडी ठेवायची, आणि फ्रिजमधून काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर आपल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेतलं पाणी थेट पावडरवर बसतं.

आता स्लाइड डायझोमध्ये पाच मिनिटं. काढा, निथळू द्या, मग एकापाठोपाठ तीन बीकरच्या पाण्यात अर्धा अर्धा मिनिट हलवा. मग पीएसएसमध्ये पाच मिनिटं, आणि वेगळ्या तीन बीकरमध्ये धुणं. डायझोचं धुण्याचं पाणी आणि पीएसएसचं धुण्याचं पाणी कधीही एक करू नका. थर धुतला नाही तर दोन्ही पॉलिमर पाण्यातच एकमेकांना धरतात आणि पांढुरक्या गुठळ्या काचेवर येऊन बसतात, त्याला फिल्म म्हणत नाहीत. दर दोन-तीन जोड्यांनी धुण्याचं पाणी बदला. एका जोडीला तेरा मिनिटं धरली तर दहा जोड्यांना दोन-सव्वादोन तास, मधली मापं धरून तीन. तासगावकडं बेदाण्यासाठी द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात तेव्हा जसं प्रत्येक क्रेटला सारखंच बुडवावं लागतं तसंच हे आहे, एक थर दोन मिनिटं आणि पुढचा दहा मिनिटं असं केलं की मोजमापाला अर्थ राहत नाही. वेळ घड्याळ लावून मोजा.

दर दोन जोड्यांनी स्लाइड वाळवून स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये बघा. वाळवायला नायट्रोजन असेल तर तो, नसेल तर थंड हवेचा हेअर ड्रायर. कॉम्प्रेसरची हवा नको, त्यात तेल येतं. बेसलाइनला तशीच धुतलेली कोरी स्लाइड ठेवा. ३८० नॅनोमीटरच्या आसपास डायझोचा उंचवटा दिसेल, त्याची उंची जोड्यांच्या आकड्यासमोर मांडली की सरळ रेष यायला हवी. रेष सरळ आली की समजा प्रत्येक वेळी सारखा माल चढतोय, आणि ही रेष दिसेपर्यंत पुढची पायरी करू नका. रेष वाकली तर बहुतेक वेळा कारण उजेड, शिळं डायझो किंवा कमी धुणं यांपैकीच एक असतं. लक्षात ठेवा, स्लाइडच्या दोन्ही बाजूंना फिल्म आहे, म्हणजे आकडा दोन बाजूंचा आहे.

यूव्ही किती द्यायचा

आता हा भाग, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय, आणि ज्याच्यात सगळे अंदाजपंचे काम करतात. "दहा मिनिटं ठेवली" असं वहीत लिहून काही कळत नाही. कुठला दिवा, किती लांबून? डोस म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. चौरस सेंटीमीटरला २ मिलीवॅट असेल आणि १०० सेकंद ठेवलं तर २०० मिलीज्यूल. तोच दिवा दुप्पट लांब नेला की सगळा हिशोब बदलतो. दिवा जुना होत गेला की तीव्रता उतरते. मीटर नसेल तरी काम अडत नाही, प्रिंटिंगवाले मामा जे करतात तेच करायचं, स्टेप टेस्ट.

स्लाइड साधारण ७५ मिलिमीटर लांब असते, तिचे मनातल्या मनात सहा पट्टे करा, प्रत्येकी बारा मिलिमीटरच्या आसपास. एक काळा पुठ्ठा घ्या आणि दिव्याखाली स्लाइडची जागा टेपनं पक्की करा. पहिला पट्टा झाका, बाकी पाच अर्धा मिनिट उघडे. पुठ्ठा सरकवून दुसराही झाका, बाकीचे आणखी अर्धा मिनिट. तिसरा झाका, एक मिनिट. चौथा झाका, दोन मिनिटं. पाचवा झाका, चार मिनिटं. आता पट्ट्यांना मिळालेला वेळ अनुक्रमे शून्य, अर्धा, एक, दोन, चार आणि आठ मिनिटं झाला. पुठ्ठ्यात बारीक फट कापून प्रत्येक पट्टा स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये बघा. ३८० चा उंचवटा कुठल्या पट्ट्यावर पडला आणि त्यापुढं पडायचा थांबला? तो तुमचा वेळ, थोडा वर धरून. डोळ्यांनाही दिसतं, पांढऱ्या कागदावर स्लाइड ठेवली तर पहिला पट्टा फिकट पिवळा असतो आणि पुढं पुढं पिवळेपणा उतरत जातो, आणि जिथं शेजारच्या दोन पट्ट्यांत फरक दिसेनासा होतो तिथं काम झालं. पहिल्यांदा हे बघताना त्या मुलीच्या तोंडून "अय्या, पायऱ्या!" असं निघालं होतं.

ज्यांना पुढं जायचंय त्यांनी वेळ आणि उरलेल्या उंचवट्याचा लॉग मांडून बघा, बहुतेक सरळ रेष येते, म्हणजे फर्स्ट ऑर्डर.

यूव्ही द्यायच्या आधी फिल्म पूर्ण कोरडी हवी. पाणी असलं की ते भुकेलं कार्बन पीएसएसऐवजी पाण्यालाच धरतं, फिनॉल होतो, पिवळा रंग जातो, मशीन म्हणतं सगळं झालं, पण बाँड झालेलाच नसतो. पावसाळ्यात आम्ही स्लाइड रात्रभर सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवतो, डेसिकेटर काळ्या कापडाखाली. ओव्हन नको, डायझो उष्णतेनंही फुटतं.

२५४ नॅनोमीटरचा जंतू मारायचा दिवा यासाठी वापरू नका. तो डोळ्यांना आणि कातडीला घातक आहेच, पॉलिमरही तोडतो. ३६५ च्या दिव्याकडंही उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, यूव्ही अडवणारा पॉलीकार्बोनेटचा गॉगल लावा.

खरंच पक्कं झालं का

रंग गेला म्हणून फिल्म पक्की झाली असं धरायचं नाही, धुवून बघायचं. नवीन स्लाइड घ्या, दहा जोड्या चढवा, अर्धा भाग फॉइलनं झाकून यूव्ही द्या. मग अंधारात सोडियम डोडेसिल सल्फेटच्या पाण्यात किंवा घट्ट मिठाच्या पाण्यात तासभर, सोनिकेटर (ध्वनिलहरींनी पाणी हलवणारं यंत्र) असेल तर त्यात काही मिनिटं, आणि नंतर डिस्टिल्ड वॉटरनं धुणं. झाकलेला भाग सुटून येतो, उजेड लागलेला राहतो. वाळवून तिच्यावर तोंडानं हलकी वाफ सोडा. वाफ दोन्ही भागांवर वेगळी बसते, आणि बरोबर फॉइलच्या कडेवर एक रेघ क्षणभर उमटून विरते. मशीनचा आकडा नंतर घ्याच, पण ती रेघ एकदा बघितली की मग हात विश्वासानं चालतो. आकड्यासाठी धुण्याआधी आणि नंतर उजेड लागलेल्या भागाचं स्पेक्ट्रम घ्या, ३०० च्या खालचं बघायचं असेल तर क्वार्ट्झची स्लाइड लागेल, साधी काच तिथं स्वतःच सगळं शोषते. आणि कंट्रोल म्हणून एक अख्खी स्लाइड यूव्ही न देता तशीच धुवा, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारणार.

मर्यादाही सांगतो. हे बाँड एस्टर आहेत, पीएसएसऐवजी पॉलीअॅक्रिलिक अॅसिड वापरलं तर विशेष करून, तेव्हा तीव्र अल्कलीत ते हळूहळू तुटतात. साबणाच्या किंवा सोड्याच्या पाण्यात कायम राहणारी फिल्म हवी असेल तर बेन्झोफेनोनचा रस्ता बघा. पॉलीअॅक्रिलिक अॅसिडच्या काही टक्के हातांना बेन्झोफेनोन जोडायचा, तो यूव्हीत शेजारच्या कुठल्याही कार्बन-हायड्रोजन बाँडमधून हायड्रोजन ओढतो आणि तिथंच कार्बन-कार्बन बाँड बसतो, ते तोडणं सोपं नाही. त्याचा फायदा असा की साध्या ट्यूबलाइटला तो फारसा लागत नाही, अंधाऱ्या खोलीचं नाटक वाचतं. तोटा असा की पॉलिमर स्वतः बनवावा लागतो, यूव्ही जास्त लागतो आणि हवेतला ऑक्सिजन मध्ये येतो, म्हणून नायट्रोजनखाली करणं बरं. पहिल्या प्रोजेक्टला डायझोच घ्या.

उष्णतेनं किंवा ग्लुटाराल्डिहाइडनंही थर बांधता येतात, पण उष्णता सगळीकडं लागते आणि ग्लुटाराल्डिहाइड विषारी आहे. उजेड मात्र हवा तिथंच पाडता येतो, फॉइलच्या जागी ट्रेसिंगवर छापलेलं चित्र ठेवलं तर फिल्म त्याच आकारात शिल्लक राहते.

काम संपल्यावर उरलेलं डायझोचं पाणी बाटलीत घट्ट झाकण लावून कधीही ठेवू नका, नायट्रोजन साठून बाटली फुटू शकते. आम्ही ते उघड्या बीकरमध्ये गच्चीवर उन्हात ठेवतो. दुपारच्या उन्हात थोड्या वेळात बीकरच्या कडेनं बारीक बुडबुडे धरायला लागतात, पिवळा रंग बदलत जातो, आणि संध्याकाळपर्यंत बुडबुडे थांबले की मग ते वेस्टच्या कॅनमध्ये ओतायचं.